पिवळ्या दिव्याची साक्ष

अमेरिकेतील केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन नावाचे एक शहर आहे. १९८१ पासून ‘कॉर्व्हेट’ या नावाच्या मोटारी तेथील कारखान्यात तयार होत आहेत. ही मोटार ओझी वाहण्यासाठी किंवा सहकुटुंब प्रवासासाठी केलेली नाही. तिचा सारा डौल वेगाचा आहे. अशा मोटारीला ‘स्पोर्ट्स कार’ असे म्हणतात. १९९७ ते २००४ या काळात कॉर्व्हेटची पाचवी पिढी निघाली. तिच्यात दोनच माणसे बसतात. आणि या दोघांना वाहून नेण्यासाठी पुढच्या बाजूस आठ सिलिंडरांचे, सुमारे साडेतीनशे अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले आहे. शर्यतीच्या मोकळ्या मार्गावर ही मोटार ताशी २७० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावू शकते.

चालकासमोरच्या फलकावर वेगाचे, पेट्रोलचे व इंजिनाच्या उष्णतेचे असे अनेक काटे असतात. त्यांच्याच शेजारी एक लहानसा पिवळा दिवा असतो. त्याच्यावर ‘इंजिन तपासा’ अशा अर्थाचे शब्द किंवा इंजिनाची आकृती असते. किल्ली फिरवताच तो क्षणभर पेटतो आणि इंजिन सुरू झाले म्हणजे विझतो. दिवा शाबूत असल्याची ती खूण होय. परंतु एखादे दिवशी मोटार धावत असतानाच तो पेटतो आणि विझण्याचे नाव घेत नाही. चालक कान देऊन ऐकतो, तर इंजिनाच्या आवाजात फरक नसतो. तो वेग वाढवून पाहतो, तर मोटार नेहमीप्रमाणेच झेप घेते. मग हा दिवा खोटे बोलतो की काय, अशी शंका त्याच्या मनात येणे साहजिक आहे.

दिवा सहसा खोटे बोलत नाही. मात्र तो केवळ मोटारीच्या मालकासाठी पहारा देत नसतो. मोटारीच्या मागे राहणारी जी हवा आहे, तिचाही तो पहारेकरी आहे. हे समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

१९४३ सालच्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी दाट व झोंबणारे धुके पसरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. दुसऱ्या महायुद्धाचे ते दिवस होते. त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला की काय, असेही काहींना वाटले. पुढे असे धुके वारंवार पडू लागले. त्या शहराजवळच्या पॅसाडीना येथील प्रसिद्ध विज्ञानसंस्थेत एरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. अननसाला स्वाद कशामुळे येतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. ते काम बाजूस ठेवून त्यांनी या हवेचा अभ्यास आरंभला. पेट्रोलच्या न जळलेल्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले म्हणजे हवेत ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात, असे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. या वाफा आणि हे वायू मोठ्या प्रमाणात येत होते ते मोटारींतून. ज्याला लोक शत्रूचा वायू समजले, तो त्यांच्या स्वतःच्या दारातून निघत होता.

मोटारीचा धूर घातक का होतो? एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर काही पेट्रोल अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. काही पेट्रोल तर न जळताच वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ज्वलनाची उष्णता फार वाढली म्हणजे हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो व नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. या तिन्ही द्रव्यांना आवरण्यासाठी धुराच्या नळीत एक पात्र बसवतात. त्याला ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ म्हणतात. १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींत ते दिसू लागले. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली चिनी मातीची वीट असते व तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. पात्र चांगले तापले म्हणजे हे धातू उत्प्रेरकाचे काम करतात. मग घातक वायूंचे रूपांतर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांत होते.

परंतु हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अचूक राहिले, तरच हे पात्र तिन्ही द्रव्यांवर नीट काम करते. हे प्रमाण सांभाळण्याचे काम मोटारीतील संगणकाकडे असते. आत येणारी हवा किती, हे एक सेन्सर मोजतो. धुरात ऑक्सिजन किती उरला, हे नळीतील ऑक्सिजन सेन्सर सांगतो. ऑक्सिजन अधिक उरला तर पेट्रोल कमी पडले, असा संगणक अर्थ काढतो व पेट्रोल वाढवतो. ऑक्सिजन उरलाच नाही, तर तो पेट्रोल कमी करतो. स्वयंपाक करणारी गृहिणी आमटी चाखून कधी पाणी तर कधी मीठ घालते. त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे चाखणे क्षणोक्षणी चालू असते.

कॉर्व्हेटच्या इंजिनात आठ सिलिंडर दोन रांगांत मांडलेले असतात. डाव्या रांगेत चार व उजव्या रांगेत चार. प्रत्येक रांगेची धुराची नळी निराळी व तिचा कन्व्हर्टरही निराळा. प्रत्येक कन्व्हर्टरच्या आधी एक व नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिला सेन्सर मिश्रणाचे प्रमाण सांगतो. दुसरा कन्व्हर्टरचे काम नीट चालले आहे की नाही, हे पाहतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर पहिल्या सेन्सरचा विद्युत्दाब सारखा वरखाली होत असताना दुसऱ्याचा बराच स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला, तर कन्व्हर्टर थकला असल्याचा संशय येतो.

अशा स्वपरीक्षणाची सक्ती प्रथम कॅलिफोर्निया राज्याने १९८८ सालच्या मोटारींपासून केली. पुढे १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एकसारखी व अधिक कडक व्यवस्था लागू झाली. चालकाच्या फलकाखाली सोळा खाचांचा एक जोड असतो. त्याला तपासणीचे यंत्र जोडले म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील नोंदी वाचता येतात. या यंत्राला ‘स्कॅनर’ म्हणतात. पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये तर ठराविक क्रमाने बटणे दाबली असता या नोंदी फलकावरच उमटतात.

संगणक उतावळेपणाने दिवा पेटवत नाही. बहुतेक दोषांच्या बाबतीत एकदा शंका आली की तो मनात नोंद करतो आणि पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला तरच दिवा लावतो. ज्या दोषामुळे घातक धूर ठरवून दिलेल्या मर्यादेच्या सुमारे दीडपट होऊ शकेल, अशा दोषांवर त्याचे विशेष लक्ष असते. दीडपट धूर चालकाच्या नाकाला कळत नाही. मोटारीच्या वेगातही त्याने फरक पडत नाही. म्हणूनच मोटार उत्तम धावत असतानाही दिवा पेटलेला राहू शकतो.

दिवा स्थिर पेटला असेल तर तपासणी लवकर करावी, एवढाच त्याचा अर्थ. परंतु तो उघडझाप करू लागला तर प्रकरण तातडीचे समजावे. एखाद्या सिलिंडरात ठिणगी नीट पडत नाही व कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात आहे, असे तो सांगत असतो. ते पेट्रोल तेथेच पेटते, पात्र भयंकर तापते आणि आतील वीट वितळूही शकते. अशा वेळी वेग ताबडतोब कमी करून मोटार शक्य तितक्या लवकर थांबवणे, हेच शहाणपणाचे होय.

आता दोष शोधण्याची रीत पाहू. दिवा पेटताना संगणक प्रत्येक दोषाला एक संकेतांक देतो. त्याच्या आरंभी एक अक्षर व पुढे चार अंक असतात. समजा, एका कॉर्व्हेटमध्ये ‘पी ०१७१’ आणि ‘पी ०१७४’ असे दोन संकेतांक मिळाले. पहिल्याचा अर्थ, डाव्या रांगेत हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. दुसऱ्याचा अर्थ, उजव्या रांगेतही तेच घडत आहे. उतावळा कारागीर म्हणेल, “ऑक्सिजन सेन्सर तक्रार करीत आहेत, तेव्हा सेन्सरच बदलून टाकावेत.” पण सेन्सर हा येथे साक्षीदार आहे. चोरी झाल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारालाच पकडून नेले, तर चोर सापडत नाही आणि उद्या सांगायलाही कोणी उरत नाही.

कुशल कारागीर प्रथम विचार करतो. दोन्ही रांगांचे सेन्सर निरनिराळे आहेत, नळ्याही निरनिराळ्या आहेत. मग दोन्हीकडे एकाच वेळी एकच तक्रार का यावी? दोन्ही सेन्सर एकदम बिघडले असण्यापेक्षा दोन्ही रांगांना सामाईक असलेल्या एखाद्या गोष्टीत दोष असण्याचा संभव अधिक. सामाईक गोष्टी थोड्याच आहेत : हवा मोजणारा सेन्सर, हवा आत नेणारा मार्ग, पेट्रोलचा पंप आणि गाळणी. केवळ एकाच रांगेची तक्रार असती, तर त्याने त्या रांगेपुरताच शोध घेतला असता. अशा रीतीने बोनेट उघडण्यापूर्वीच त्याचे अर्धे काम होते.

त्यानंतर तो स्कॅनरवर दोषाच्या क्षणी टिपून ठेवलेली स्थिती पाहतो. दोष नोंदला गेला त्या वेळी इंजिन किती तापलेले होते, किती वेगाने फिरत होते, संगणक किती पेट्रोल वाढवत होता, हे सारे तेथे लिहिलेले असते. समजा, मोटार उभी असून इंजिन मिनिटाला सहाशे-सातशे फेरे संथपणे घेत होते आणि संगणक नेहमीपेक्षा २५ टक्के पेट्रोल अधिक देत होता, असे आढळले. कारागीर इंजिन सुरू करून फेरे अडीच हजारांपर्यंत वाढवतो, तर ती वाढ केवळ ४ टक्क्यांवर येते. या दोन आकड्यांत दोषाचा माग दडलेला आहे.

उन्हाळ्यात ओढ्याची धार बारीक होते. तिच्यात घागरभर पाणी ओतले तर धार फुगलेली दिसते. श्रावणातल्या पुरात तीच घागर रिकामी केली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इंजिन संथ फिरत असते तेव्हा हवा थोडीच आत येते. हवामापक सेन्सरच्या पलीकडे एखाद्या फटीतून न मोजलेली हवा शिरत असेल, तर अशा वेळी तिचा वाटा मोठा ठरतो. इंजिन वेगाने फिरू लागले की मोजलेल्या हवेचा पूर येतो व फटीतली हवा त्यात हरवून जाते. पेट्रोलचा पंप दुबळा झाला असता अथवा गाळणी तुंबली असती, तर नेमके उलटे दिसले असते : संथ इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळाले असते आणि मोटार जोरात पळवताना ते कमी पडले असते.

तेव्हा फट शोधायची, हे ठरले. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात एका यंत्राने मंद दाबाचा पांढरा धूर सोडतात. ज्या ठिकाणी फट असेल तेथून धुराची रेषा वर येते. समजा, या मोटारीत ती एका रबरी नळीच्या वळणावर दिसली. उष्णतेने रबर कडक होऊन त्याला तडा गेला होता. नळी स्वस्त असते. तिच्या तुलनेत चार सेन्सर फार महाग पडले असते, आणि ते बदलूनही तडा तसाच राहिला असता.

नळी बदलल्यावरही कुशल कारागिराचे काम संपत नाही. संगणक आता किती पेट्रोल वाढवतो, हे तो पुन्हा पाहतो. तो आकडा शून्याजवळ आला, म्हणजे निदान बरोबर होते असे सिद्ध होते. अनुमान, तपासणी, दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी हा क्रम त्याने मोडलेला नसतो.

दुसरा एक संकेतांक पुष्कळांना फसवतो. ‘पी ०४२०’ याचा अर्थ डाव्या रांगेतील कन्व्हर्टरची कार्यशक्ती मर्यादेखाली गेली आहे, असा होतो. कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू असल्यामुळे तो फार महाग असतो. तो बदलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा की, साक्ष खरी आहे काय? धुराच्या नळीला सेन्सरजवळ भोक पडले असेल तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते व सेन्सर फसतो. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : कन्व्हर्टर खरोखरच निकामी झाला असेल तर तो कशामुळे झाला? एखाद्या सिलिंडरातील ठिणगी चुकत असेल, किंवा इंजिन तेल जाळत असेल, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. रोगाचे मूळ तसेच ठेवून एका रोग्याच्या जागी दुसरा निजवण्यासारखे ते आहे.

याउलट काही दोष अगदी क्षुल्लक निघतात. पेट्रोलच्या टाकीतून वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवून नंतर इंजिनात जाळली जाते. ही व्यवस्था हवाबंद आहे की नाही, याचीही संगणक परीक्षा घेतो. केवळ एक मिलिमीटर व्यासाचे छिद्रदेखील तो ओळखू शकतो. त्यामुळे पेट्रोल भरल्यावर टाकीचे झाकण नीट फिरवले नाही, तरी दिवा पेटू शकतो. झाकण घट्ट बसवल्यावर पुढच्या काही फेऱ्यांत दोष पुन्हा दिसला नाही, तर दिवा आपोआप विझतो. सामान्यतः दोषरहित अशा तीन फेऱ्या लागोपाठ झाल्या की तो विझतो.

दिवा घालवण्याचा आणखी एक मार्ग आहे व तो फार सोपा आहे. स्कॅनरचे एक बटण दाबले की संकेतांक पुसला जातो आणि दिवा विझतो. दोष मात्र जागच्या जागीच असतो. जुनी मोटार विकताना किंवा तपासणीला नेताना काही जण हा मार्ग धरतात. परंतु संगणकाने येथेही सावधगिरी बाळगली आहे. संकेतांक पुसताच, ‘अमुक अमुक तपासण्या पूर्ण झाल्या’ अशा त्याच्या खुणाही पुसल्या जातात. त्या पुन्हा उमटण्यासाठी मोटार निरनिराळ्या वेगाने पुष्कळ चालवावी लागते. कॅलिफोर्नियात बहुतेक जुन्या मोटारींची दर दोन वर्षांनी धूर-तपासणी होते. २००० व त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींची ही तपासणी २०१५ पासून मुख्यतः मोटारीच्या संगणकाला यंत्र जोडूनच केली जाते. खुणा कोऱ्या दिसल्या की तपासनीस मोटार परत पाठवतो. शिवाय संकेतांकाबरोबर दोषाच्या क्षणाची ती मोलाची नोंदही नाहीशी होते. आणि मग खऱ्या कारागिराला अंधारात चाचपडावे लागते.

हा दिवा आता केवळ अमेरिकेतील वेगवान मोटारींपुरता राहिलेला नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे मानक देशभर लागू झाले. या मानकाच्या नव्या मोटारींत स्वपरीक्षणाची व्यवस्था असते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या रस्त्यावरील साध्या मोटारीच्या फलकावरही तोच पिवळा दिवा असतो. पीयूसी प्रमाणपत्रासाठी नळीतून निघणारा धूर ठराविक काळाच्या अंतराने तपासला जातो. दिव्याचा पहारा मात्र रोजचा आहे.

कॉर्व्हेटसारख्या मोटारीचे इंजिन बलाढ्य असते. एखाद्या फटीने किंवा थकलेल्या कन्व्हर्टरने त्याचे फारसे अडत नाही. म्हणूनच तिच्या मालकाला दिव्याकडे कानाडोळा करणे सहज शक्य असते. अडते ते मागून सायकलीवर येणाऱ्या माणसाचे, रस्त्याकडेच्या घरात खिडकीशी बसलेल्या वृद्धाचे आणि चौकात उभ्या असलेल्या शाळकरी मुलांचे. त्यांच्यासमोर कोणताही फलक नसतो व त्यावर कोणताही दिवा पेटत नाही. त्यांच्या वतीने साक्ष देणारा तो एकच लहानसा दिवा मोटारीच्या आत असतो. तो पाहून मोटार तपासायला नेणे, एवढे काम मात्र चालकालाच करावे लागते.